जागेला कुणी विचारलं?

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. त्याचा राजवाडा होता सातमजली, काळ्याभोर दगडाचा, पण त्यात सुखानं पाठ टेकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. राजा भरल्या ताटावरून उठे, प्रधान बोलता बोलता येरझाऱ्या घाली. कारण ऐका. राजाच्या पणजानं वाडा बांधायला डोंगर फोडला, आणि फोडताना डोंगरातल्या जोगिणीला विचारलंसुद्धा नाही. राजाच तो, त्याला कोण शिकवणार! जोगिणीनं शाप दिला, "माझं घर मोडून तू घर बांधलंस. त्या घरात कुणाला स्वस्थ बसवणार नाही, आणि तुझ्या वंशात दर पिढीला एकाला घर लाभणार नाही. तो जीव भटकेल, झिजेल आणि वारा होईल."

या पिढीला तो शाप राजकन्या हेमकलेला लागला. तिच्या पायांना म्हणून थारा नव्हता. सज्जात उभी राही, लांबच्या निळ्या डोंगरांकडे बघे आणि तिचा जीव नुसता ओढ घेई. तिथं आपलं घर असावं, एवढा एकच ध्यास. राणीनं नवस केले, दृष्ट काढली, काळा दोरा बांधला. कशाचा उपयोग व्हायला? एके दिवशी पोरीची सावली विरळ झाली. मग ओल्या मातीत पावलं उमटेनाशी झाली. वैद्यानं नाडी धरली, तर बोटांना झुळूक लागली. तेव्हा राजा ढसाढसा रडला आणि म्हणाला, जा बाई, वारा व्हायच्या आत घर बांध.

हेमकला डोंगराकडे निघाली ती गवंडी, पाथरवट, बैलगाड्या घेऊनच. जोशानं मुहूर्त दिला, गवंड्यानं दोरी धरली, भिंत उभी राहिली आणि सकाळी बघतात तर दगडांचा ढीग. तीनदा भिंत चढली, तीनदा पडली. गवंडी शहाणे, हत्यारं गोळा करून चालते झाले. राहिली एकटी हेमकला. धड बसवेना, धड परत जाववेना.

जवळच एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती, पिलांसाठी स्वतःला चिखलानं लिंपून घेऊन. फटीतून तेवढी चोच दिसत होती. चोच बोलली.

"मुहूर्त जोशाला विचारलास, माप गवंड्याला विचारलंस. जागेला कुणी विचारलं?"

हेमकलेनं मान खाली घातली. जागेला विचारतात हे वाड्यात तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण, वाडाच मुळी न विचारता उभा! मग धनेशीनं डोंगराची रीत सांगितली. सूर्य उगवताना जागेवर मूठभर तांदूळ ठेवायचे. सूर्य मावळेपर्यंत शेजारी बसायचं. उठायचं नाही, दाण्यांना हात लावायचा नाही. सांजेला दाणे जसेच्या तसे राहिले तर जागेचा होकार.

"तीन जागा बघ. चौथीइतका वेळ तुझ्यापाशी उरलेला नाही," धनेशी म्हणाली.

पहिल्या जागेवर दुपारपर्यंत मुंग्यांची रांग लागली आणि दाणे गेले. मुंग्यांचं नांदतं गाव होतं ते, तिथं हिला कोण घेणार? दुसरी जागा झऱ्याकाठची, मऊ हिरवळीची. दाण्यांना कुणी शिवलं नाही. पण ऊन कलताच हिचे पाय शिवशिवले, डोळे पलीकडच्या कड्यावर गेले, आणि तिला कळायच्या आत ती कड्यापाशी उभी. परत धावली, पण रीत ती रीत. त्या रात्री तिचे हात कोपरापर्यंत आरपार दिसू लागले. ती रडली. आपलंच मन आपलं वैरी, याचं दुःख तिला फार झालं.

तिसरी जागा उघड्या माळावरची. तिथं तिनं पदराची गाठ एका खुरट्या झुडपाला बांधली आणि बसली. पाय ओढत होते, जीव कासावीस होत होता. बसली. सूर्य डोंगराला टेकला, दाणे तसेच होते.

तेवढ्यात वारा आला. माळभर गरगरला, झुडपाला हिसके देऊ लागला. दाणे हलले. दाण्यांवर हात ठेवला की भागत होतं, पण हात लावायचा नव्हता. दाणे गेले तर आपण गेलो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण त्या वाऱ्याची तगमग तिनं ओळखली. अशी तगमग तिनं जन्मभर सोसली होती. ना भिंत, ना छप्पर, ना दार, तरी ती सरकून बसली आणि शेजारच्या मातीवर हात ठेवून म्हणाली,

"या. बसा."

वारा थबकला. म्हणाला, "मी आलो की लोक दारं लावतात. बस असं आजवर कुणी म्हटलं नाही."

"आता मी म्हणते. दमला असाल, बसा."

वारा बसला. बसताना त्याच्या झोतानं तांदूळ माळभर उधळले, एक दाणा जागेवर राहिला नाही. आणि बसता क्षणी तो पिकल्या केसांची एक बाई झाला. ती राजाची थोरली बहीण, मागच्या पिढीचा शाप. हेमकला तिला बिलगली, पण डोळे दाण्यांवर. म्हणाली, आत्याबाई, तुम्ही आलात, आता मी जाणार.

तोच जोगीण समोर उभी राहिली. तिनं उधळलेल्या दाण्यांकडे पाहिलंही नाही.

"जागा घर होईल का, एवढंच दाणे सांगतात," ती म्हणाली. "इथं पाहुणा येऊन बसला. आता विचारायचं काय राहिलं? शाप उतरला."

हेमकलेची सावली मातीवर ठसठशीत पडली. डोंगरात फिरणारे वंशातले सगळे वारे एकेक करून माळावर येऊन बसले. इकडे वाड्यात राजा पोटभर जेवला आणि बसल्या जागी घोरू लागला.

जाग आल्यावर तो पालखी घेऊन निघाला. माळावर पोचला तेव्हा भिंतही उठली नव्हती. लेक तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होती. राजा म्हणाला, "बाळ, शाप गेला. आता घरी चल."

"आबा, घरीच आहे मी," हेमकला म्हणाली. "तुम्ही बसा."

राजा बसला, कहाणी उठली. तुम्हीही उठा आता, घरी वाट बघत असतील.