पान कोमेजेपर्यंत

जुईचा डबा आठवडाभर भरलेलाच परत येत होता, आणि माझी झोप उडाली होती. दप्तरात रश्शाचा थेंब सांडू नये म्हणून मी तो स्टीलचा डबा किती निगुतीने भरते! संध्याकाळी चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटून बघावं, तर पोळीची घडीसुद्धा हललेली नसायची.

"का गं खाल्लं नाहीस?"

"काही नाही."

"कोणी चिडवतं का? बाई ओरडल्या?"

आधी ती गॅलरीत गेली, मग पडद्यामागे, आणि त्या दिवशी तर थेट जेवणाच्या टेबलाखाली. बालसंगोपनावरची पुस्तकं पेन्सिलीने खुणा करत वाचलेली मी, टेबलाखाली वाकून उलटतपासणी घेत होते. नवरा म्हणाला होता, "भाजी बदलून बघ." बदलायला आता भाजी उरली नव्हती.

शेवटी मी टेबलाशेजारी जमिनीवर कणीक मळायला बसले आणि तिला नव्हे, कणकेलाच सांगावी तशी एक गोष्ट सुरू केली. सहा वर्षांच्या मुलीला बाणाची आणि हरणाची गोष्ट सांगू नये, एवढं मलाही कळतं. पण तोंडात तीच आली.

एकदा एका घनदाट अरण्यात एक वृद्ध व्याध आणि त्याचा तरुण शिष्य पहाटेच्या वेळी पाणवठ्याशी दबा धरून बसले होते. धुकं असं दाटलं होतं, की झाडं जमिनीला न टेकता नुसतीच तरंगत असावीत असं वाटावं. त्या धुक्याचाच एखादा तुकडा चालू लागावा तसं एक हरीण आलं. शिष्याने बाण सोडला. आयुष्यातला पहिलाच. तो लागला. हरीण उसळलं आणि झुडपांत दिसेनासं झालं.

शिष्य धावणार, तोच वृद्धाने एक विचित्र गोष्ट केली. आपल्या धनुष्याची दोरी उतरवली, शेजारच्या पळसाचं एक पान तोडून मांडीवर ठेवलं आणि खोडाला पाठ टेकून तो स्वस्थ बसला.

"बाबा, उठा ना! जातंय ते!"

"हे पान कोमेजू दे."

"पान?"

"हं. बस."

शिष्याचा जीव कासावीस झाला. त्यांच्या पाड्याची रीत अशी, की ज्याने जनावर जखमी करून हरवलं, त्याने पुढचा हिवाळा येईपर्यंत धनुष्याला हात लावायचा नाही. पण त्याहून मोठी टोचणी निराळीच होती. आपला बाण अंगात घेऊन एक जीव या धुक्यात कुठेतरी श्वास घेतो आहे, आणि आपण इथे पानाकडे बघत बसलो आहोत!

वृद्धाने डोळे मिटून घेतले. पान अजून ताठ, हिरवंगार होतं. शिष्य हळूच उठला आणि निघाला. पायाखाली एक वाळकी काटकी मोडली. त्याच क्षणी अगदी जवळच्या जाळीत काहीतरी धडपडून उभं राहिलं आणि पालापाचोळा तुडवीत दूर दूर गेलं. मग पुन्हा सारं शांत.

वृद्धाने डोळे न उघडताच म्हटलं, "झालं समाधान? आता दुसरं पान आण."

या वेळी शिष्य बसला. आधी त्याला फक्त स्वतःची धडधड ऐकू येत होती. ती ओसरली तेव्हा पाण्यावर पडणारे दवाचे थेंब ऐकू आले. ऊन झाडांतून पाझरत खाली उतरलं, धुकं विरलं, आणि पान कडांनी मऊ होऊन मांडीवर लवलं. तेव्हा वृद्ध उठला.

जवळच्या जाळीत गवत दबलेलं होतं आणि त्यावर रक्त होतं. ते बसले होते तिथून एखादा उसासाही ऐकू यावा इतक्या जवळ.

"इथेच होतं?" शिष्याने विचारलं.

"इथेच. शांतपणे डोळे मिटले असते त्याने."

रक्ताचे थेंब ओढ्यापलीकडे गेले होते. तिथे जांभळीखाली हरीण मिळालं, पुढच्या पायांवर मान टेकून निजल्यासारखं. शिष्याला रडू आवरेना.

वृद्ध त्याच्याजवळ बसला. "पोरा, जखमेपासून कोणी पळत नाही रे. पळतात ते पावलांच्या आवाजापासून. मागे कोणी येत नाही असं वाटलं, की दुखणारा जीव जवळच कुठेतरी बसतो. आपलं काम एवढंच. त्याचं आपल्याला ऐकू येईल इतकं जवळ बसायचं, आणि आपलं त्याला ऐकू जाईल असं काही करायचं नाही."

हे शेवटचं वाक्य कणकेला सांगताना माझाच हात थांबला. गॅलरी, पडदा, टेबल. आणि मागोमाग मी.

"मेलं ते?" टेबलाखालून आवाज आला.

"हो."

"त्याला खूप पळावं लागलं."

"हो गं."

लगेच माझ्या ओठांवर प्रश्न आला. चांगला, पुस्तकात छापलेला प्रश्न होता. तो मी गिळला. कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि ठरवलं, ही मुरेपर्यंत काही विचारायचं नाही. ओट्याला पाठ टेकून बसून राहिले. व्याधासारखी स्वस्थ वगैरे अजिबात नाही. पायाचा अंगठा सारखा हलत होता. नळाचा थेंब पडायचा, खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकायचं, आणि टेबलाखाली कोणीतरी नाकातून श्वास घेत होतं.

खूप वेळाने चप्पल सरकल्याचा आवाज झाला. जुई रांगत बाहेर आली, दप्तरातून डबा काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या दंडाला टेकून बसली. मी फडक्याकडेच बघत राहिले.

"आई," ती म्हणाली, "तू झाकण फार घट्ट लावतेस. मला उघडतच नाही."