काशाची वाटी, लाकडाची वाटी

एकदा एक वैद्य होते, आणि वैद्य असूनही त्यांच्याकडे औषधाची एक पुडीसुद्धा नव्हती. अर्धांगवायूने ज्यांची एक बाजू लुळी पडली, डोक्याला मार लागून ज्यांची वाचा किंवा स्मृती गेली, असे रुग्ण त्यांच्या नदीकाठच्या आश्रमात येत. तिथे कुठे चिरणे नव्हते, कुठे टोचणे नव्हते. मर्दन, श्वासाचा अभ्यास, सकाळचे ऊन, टाळीच्या ठेक्यावर चालणे, बोलता येत नसेल तर गाऊन पाहणे, असे सगळे बाहेरून करायचे उपचार. कोणाला गुण येई, कोणाला येत नसे. गुण आला नाही तर वैद्यबाबा तसे सरळ सांगत. आणि आला तरी "कशाने आला ते बघू या," एवढेच म्हणत. त्यांच्या या 'बघू या'ला सारा आश्रम कंटाळला होता, आणि सर्वांत जास्त कंटाळला होता त्यांचा शिष्य श्रीपती.

श्रीपती बुद्धिमान होता, आणि बुद्धिमान माणसाला शोभेल तेवढी घाईही त्याच्या अंगी होती. डोळ्यांची आग झाली, झोप उडाली, की आपल्या घरांत तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. श्रीपतीने ही वाटी आश्रमात आणली. माळ्यावरून पडून डोक्याला मार लागलेला एक गवंडी तिथे होता. त्याला झोप येत नसे आणि स्वतःच्या मुलांची नावे आठवत नसत. संध्याकाळी श्रीपती त्याचे तळपाय घासू लागला. गवंड्याला झोप लागू लागली, आणि काही दिवसांनी मुलांची नावेही एकेक करून परत आली. मग काय विचारता! पंचक्रोशीत वाटीचा बोलबाला झाला.

तो ऐकून भांड्यांचे एक मोठे व्यापारी आश्रमात आले. माणूस वाईट नव्हता. लोकांचे भले व्हावे आणि त्यात आपलेही व्हावे, इतकीच त्यांची इच्छा होती.

"वैद्यराज," ते म्हणाले, "मी गावोगावी अशा वाट्या पोचवतो. मेंदूच्या आजारावर काशाची वाटी. आपण फक्त गुण येतो एवढं सांगा."

"गवंड्याला बरं वाटलं एवढं मला माहीत आहे," वैद्यबाबा म्हणाले. "वाटीनं वाटलं की नाही, ते बघू या."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"कांकण डोळ्यांना दिसतं, शेटजी. मेंदू दिसत नाही. आणि कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हेही आपल्याच लोकांनी सांगून ठेवलंय."

शेटजी हसले, पण श्रीपतीला हसू आले नाही. त्याला कारण होते. त्याच आठवड्यात त्याच्या आईला बैलगाडीत घालून आश्रमात आणले होते. तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते आणि वाचा बसली होती. जन्मभर जात्यावर ओव्या म्हणणारी, भांडणात कोणाला हार न जाणारी ती बाई आता एकच शब्द बोलू शकत होती, 'बरं'. भूक लागली तरी बरं, दुखले तरी बरं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही बरं. आईने आपल्याला पुन्हा हाक मारावी, याखेरीज त्या दिवसांत श्रीपतीला काही सुचत नव्हते. वाटीवर त्याचा सारा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी वैद्यबाबांनी सुताराला बोलावले आणि काशाच्या वाटीच्या मापाच्या लाकडी वाट्या करून घेतल्या. मग रुग्णांना एकत्र बसवून ते म्हणाले, "बाबांनो, महिनाभर तुमच्यातल्या अर्ध्या जणांचे पाय काशाच्या वाटीनं घासले जातील, अर्ध्यांचे लाकडाच्या. कोणती वाटी चांगली, ते मला माहीत नाही. ते समजावं म्हणून तुमची मदत हवी आहे. ज्यांना नको वाटेल त्यांनी खुशाल नाही म्हणावं."

कोणी नाही म्हणाले नाही. रुग्णांच्या नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून श्रीपतीनेच त्या काढायच्या होत्या, आणि एकीवर कासे, दुसरीवर लाकूड असे लिहून मिटून ठेवायच्या होत्या. कोणाच्या वाट्याला कोणती वाटी आली, हे मात्र त्याने वैद्यबाबांना सांगायचे नव्हते. महिनाअखेरीस ते फक्त रुग्ण तपासणार होते.

आईच्या नावाला लाकडाची वाटी आली.

श्रीपती तसाच उठून वैद्यबाबांकडे गेला. "गुरुजी, एवढं एक नाव मला बदलू द्या. माझी आई आहे ती."

"इथं प्रत्येक जण कोणाचं तरी कोणीतरी आहे."

"पण लाकडानं काय होणार? तुम्ही तिचा महिना फुकट घालवताय!"

श्रीपतीचा आवाज कापत होता, तो वैद्यबाबांना ऐकू आला नाही असे नव्हे. "नाव बदलायचं नाही," ते हळूच म्हणाले. "वाटीही बदलायची नाही. तिच्यासाठी तुला दुसरं काय करावंसं वाटेल ते कर."

श्रीपतीला गुरूचा मनस्वी राग आला. पण शब्द त्याने पाळला. संध्याकाळी तो लाकडाची वाटी घेऊन आईच्या पायाशी बसे आणि त्याला लाज वाटे. आपण आईला फसवतो आहोत, असे वाटे. मग ती उणीव भरून काढावी म्हणून तो अधिक वेळ बसे. गावाकडच्या गोष्टी सांगे. तिच्याच ओव्या तोडक्यामोडक्या म्हणे आणि ओळ अर्धी सोडून तिच्या तोंडाकडे बघत थांबून राही. वाटी, तूप, पाय, कंदील, हाताला येईल त्या वस्तूचे नाव घेई. आईजवळून उठला, की लाकडाची वाटी आलेल्या बाकीच्यांचीही त्याला कीव येई. बिचाऱ्यांच्या नशिबी लाकूड आले, निदान चार शब्द तरी बोलावे, म्हणून त्यांच्यापाशीही तो रेंगाळे.

काशाच्या वाटीवाल्यांची त्याला काळजी नव्हती. आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा नावाडी होता. त्याचीही वाचा गेलेली, त्याला मागेपुढे कोणी नाही. त्याला कासे मिळाले होते. श्रीपती त्याचे पाय नेमाने घासे, ठरलेला वेळ झाला की पुसे आणि उठे. नावाडी त्याच्या पाठीकडे पाहत राही. ते श्रीपतीला दिसण्याचे कारण नव्हते.

एका संध्याकाळी ओवी म्हणता म्हणता श्रीपतीचे भान सुटले आणि तो तोच पाय घासत बसला. आईने पाय ओढून घेतला.

"पुरे!" ती म्हणाली.

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. मग आई हसू लागली, आणि श्रीपती तिच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. त्यानंतर एकेक शब्द येत गेले. 'नको' आला, 'मीठ' आला, आणि महिना संपता संपता एका सकाळी तिने "श्रीपा" अशी हाक मारली. ही हाक ऐकायला तिचा मुलगा काहीही द्यायला तयार झाला असता.

महिना भरला. वैद्यबाबांनी एकेका रुग्णाला बोलते करून, चालवून, झोपेची चौकशी करून तपासले. मग शेटजींच्या समोर चिठ्ठ्या उघडल्या. ज्यांना अधिक गुण आला, ते बहुतेक सगळे लाकडाच्या वाटीचे निघाले.

शेटजी क्षणभर गोंधळले, पण क्षणभरच. "हरकत नाही!" ते म्हणाले. "लाकूड तर आणखी स्वस्त पडतं. आपण लाकडाच्या वाट्या विकू!"

वैद्यबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी श्रीपतीला जवळ बसवून घेतले.

"माझे डोळे आता अधू झाले," ते म्हणाले. "संध्याकाळी मी ओट्यावर बसतो, तेव्हा कोणाच्या पायाला कोणती वाटी लागली ते मला कळत नव्हतं. पण तुझा आवाज कळत होता. काही खाटांपाशी तो बराच वेळ चालायचा, काहींपाशी नुसता वाटीचाच आवाज यायचा. सांग, कासं असलेल्यांपाशी तू किती बसलास?"

श्रीपतीने मान खाली घातली. "त्यांना कासं होतं, गुरुजी. मला वाटलं, त्यांना माझी गरज नाही."

"म्हणजे ज्यांना कासं मिळालं, त्यांना तू मिळाला नाहीस. आणि जे लाकडावर राहिले, त्यांची भरपाई तू आपल्या जिवानं केलीस. चूक तुझी नाही, माझी आहे. तुझी आई सोडली तर कोणाला काय मिळालं हे मी माझ्यापासून लपवलं, पण ज्याच्या हातात वाटी होती त्याच्यापासून लपवायला विसरलो. आईवर माया करणाऱ्याचे हात काही समतोल राहत नाहीत, आणि राहूही नयेत."

श्रीपतीचे डोळे भरून आले. "मग मायेनं गुण येतो, असंच ना?"

"घाई करू नकोस," वैद्यबाबा म्हणाले, पण त्यांचा हात श्रीपतीच्या पाठीवर होता. "मायेनं आला, की ओवीनं आला? अर्धी ओळ सोडून तू थांबायचास, म्हणून आला, की दिवस जातील तसा आपोआप येणारच होता? हे अजून मला माहीत नाही. आता ते बघायचं. रुग्ण आपल्याकडे काय घेऊन येतो? शरीर लुळं पडलेलं असतं, वाचा गेलेली असते, आशा तेवढी उरलेली असते. ती आपण कशावर ठेवायला सांगतो, हे तपासून न बघणं मला निर्दयपणाचं वाटतं. तुला माझं 'बघू या' कोरडं वाटतं. मला मात्र माझ्यापाशी असलेली सगळी माया त्यातच आहे असं वाटतं."

शेटजी कधी उठून गेले, ते दोघांच्याही लक्षात आले नाही. आईची हाक परत आल्याचा आनंद श्रीपतीच्या मनात मावत नव्हता, आणि तरीही त्या आनंदात काहीतरी सलत होते. आपण कोणाकोणाच्या खाटेपासून लवकर उठलो, ते त्याला आता एकेक करून आठवत होते.

संध्याकाळी तो खोलीत आला. आईने हाक मारण्याआधीच तिच्याकडे पाहून तो हसला, आणि शेजारच्या खाटेपाशी गेला. त्याच्या हातात काशाची वाटी नव्हती आणि लाकडाचीही नव्हती.

"काका," तो म्हणाला, "पुराच्या दिवसांत तुम्ही नाव कशी काढायचा, ते मला माहीत नाही. सांगाल का? हातानं दाखवा, सुरात सांगा, कसंही सांगा. मला घाई नाही."

नावाड्याने त्याच्याकडे पाहिले. मग धडधाकट असलेला डावा हात लांब करून त्याने आपला लुळा पाय उचलला, बाजूला सरकवला, आणि श्रीपतीला बसायला खाटेवर जागा करून दिली.