अकरा लेकींचे बाप

दामूशेठ कोठावळे अनाथाश्रमाचे विश्वस्त होते. कापडाचं दुकान चालवता येतं म्हणजे संस्थाही चालवता येते, असं त्यांना वाटायचं. कमी पडेल ती अक्कल देव पुरवतो, अशी श्रद्धा होती. आश्रमातल्या अकरा मुलींची कन्यादानं त्यांनी स्वतः पाटावर बसून केली होती. पुण्य लागलं, वर पेपरात फोटोही आले.

त्यांतली शेवंती सहा महिन्यांत परतली. नवऱ्याने तिचा हात मोडला होता. तिला आश्रमात ठेवायचं का, हे ठरवायला विश्वस्त मंडळ चहा-बिस्किटं घेऊन बसलं.

"अजिबात नाही," दामूशेठ म्हणाले. "विकलेला माल दुकान परत घेत नाही आणि दिलेलं दान धर्म परत घेऊ देत नाही. पोरी, जा आपल्या घरी. नवरा म्हणजे देव."

बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. चहात बुडवलेली बिस्किटं मऊ होती, यांचे कणे त्याहून मऊ.

शेवंती प्लास्टर सावरत उठली. "बरोबर आहे, काका. संस्थेने मला दिलंच नव्हतं, मग ती परत कशी घेणार? कन्यादान तुम्ही केलंत, म्हणजे बाप तुम्ही. सासरी छळ झाला की लेक बापाकडेच येते. माझी बॅग तुमच्या गाडीत ठेवलीय. काकूंना फोन केलाय, त्या वरची खोली झाडून घेताहेत."

दामूशेठचा चहा धोतरावर सांडला. "अगं, पण…"

"आणि उरलेल्या दहाजणींनाही तुमचा पत्ता कळवलाय, बाबा."

पाच मिनिटांत ठराव झाला: आश्रम हेच मुलींचं माहेर, त्यांनी केव्हाही यावं. सही ठोकून दामूशेठ स्वतःच बॅग उतरवायला धावले.