काटेरी कुंपणाची वाटणी

डोंगरउतारावरच्या एका गावात मांसाच्या बाजारासाठी रेडे वाढवणारा एक म्हातारा होता. त्याच्या ज्वारीच्या रानात अंजन आणि शेवरी या चाऱ्याच्या झाडांच्या रांगा होत्या. कापणी झाली की रेडे त्याच रानात चरायचे आणि सावलीला बसायचे. म्हातारा गेला. मागे राहिले दोन मुलगे आणि एक धाकटी मुलगी.

थोरला भारी हिशेबी. वाटणी त्यानेच केली. जमीन त्याला, झाडं मधल्याला, रेडे धाकटीला. पुढे भांडण नको म्हणून झाडांच्या रांगांना काटेरी कुंपणही घातलं. गावाने त्याच्या शहाणपणाचं कौतुक केलं.

धाकटी रेडे उघड्या माळावर नेऊ लागली. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. व्यापाऱ्याने पाठीवरून हात फिरवला आणि निम्मी किंमत सांगितली. तिच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. तरी तिने त्याला परत पाठवलं आणि भावांकडे गेली. थोरल्याची ज्वारी निम्म्यावर आली होती. मधल्याच्या पाल्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने लाकूडतोड्याला उद्याचं बोलावणं धाडलं होतं.

"दादा, तुझ्या रानाला शेण नाही, माझ्या रेड्यांना पाला नाही. एक वर्ष कुंपण काढ," ती म्हणाली. "तोटा झाला तर माझे सगळे रेडे तुम्हा दोघांचे."

आपलं काहीच जात नाही म्हटल्यावर थोरला लगेच तयार झाला. मधल्याने लाकूडतोड्याला नको म्हणून कळवलं.

पीक उभं होतं तोवर धाकटीने रेड्यांना पाला कापून दावणीला घातला आणि शेण रानात टाकलं. कापणीनंतर रेडे रानात सुटले, कडबाही त्यांनाच मिळाला. त्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. माळालाही उसंत मिळाली आणि त्यावर गवत परतलं. पुढच्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याच्या हाताला हाड लागलं नाही. त्याने घासाघीस न करता पुरी किंमत सांगितली.

आता थोरल्याला पुन्हा हिशेब सुचला. कुणाच्या वाट्याने किती मिळवून दिलं ते ठरवू आणि नव्याने वाटून घेऊ, असं तो म्हणू लागला.

धाकटीने सगळ्यात मोठा रेडा त्याच्यापुढे आणून उभा केला. "दादा, ह्याच्या अंगावर पाल्याचं मांस कुठलं आणि कडब्याचं कुठलं, तेवढं वेगळं करून दाखव. मग खुशाल वाटणी कर."

थोरल्याने बांधावर रचून ठेवलेले कुंपणाचे काटे उचलले आणि चुलीत घातले.

तात्पर्य एवढंच: एकमेकांच्या आधाराने वाढणाऱ्या गोष्टी वेगळ्या केल्या, की प्रत्येकाच्या वाट्याला तोटाच येतो.