रोज उपटला जाणारा मुळा

फार जुनी गोष्ट नाही. पण मुळ्याच्या आयुष्याने मोजली, तर युगं लोटली. एका बालवाडीच्या परसात मुलांनी मुळा लावला होता. रोज सकाळी अकरा जण धावत येत, "वाढला का रे?" म्हणत त्याला उपटून बघत आणि पुन्हा मातीत खोचत.

"झारीबाई, मला गरगरतंय हो!" मुळा ओरडे. "अशाने मी जाडजूड कधी होणार? हडकुळा मुळा शेळीपुढे टाकतात म्हणे!"

"टाकतात खरं," झारी म्हणे. खोटं न बोलणं एवढाच तिचा दोष. "तू आधी पाणी पी."

एके दिवशी बाजारातून गुबगुबीत मुळा आला. "अगंबाई, हा मुळा की सुतळी?" म्हणून तो खिदळला. बाईंनी खिचडीबरोबर त्याच्या चकत्या वाढल्या. मुलांनी त्या हळूच ताटाच्या कडेला सारल्या, मृण्मयीने तर थेट चटईखाली. सगळ्या दारातल्या शेळीच्या पोटात गेल्या.

मग परसातला मुळा निघाला. करंगळीएवढा, वाकडा. शेळीने मान लांब केली. मुळ्याने डोळे मिटले.

"ए शेळे, तो आमचाय!" अकरा जण तिच्यावर धावले. बाईंनी कागदासारख्या पातळ अकरा चकत्या केल्या.

"मला शेपूट!" मृण्मयी किंचाळली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी ती चावतच राहिली. पाल्यावरून तर मारामारी झाली.

दुपारी नवं बी पेरलं. पाचच मिनिटांत मुलं ते उकरून बघू लागली.

"गरगरेल हं थोडं," झारी बियाला म्हणाली. "पण शेळीची काळजी सोड."