यिद्दिशसाठी एक चिन्ह

“पण मोर का नको, लेरर?”

दामियाननं पुन्हा विचारलं. मांडीवर चित्रांची फाईल उघडी होती.

लेरर झेलिक वृद्धाश्रमाच्या अंगणात बाकावर बसले होते. लेरर म्हणजे गुरुजी. ब्युनॉस आयर्समध्ये यिद्दिश शिकवणारे असे गुरुजी एके काळी गल्लोगल्ली होते. आता नुसतं ‘लेरर’ म्हटलं की झेलिकच.

दामियान लहानपणी त्यांच्यासमोर बसून अक्षरं गिरवायला शिकला. पुढं परदेशी गेला, यिद्दिशचा प्राध्यापक झाला. तिकडे आता मोठं संमेलन भरणार होतं आणि बोधचिन्ह ठरवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. युरोपातल्या ज्यूंची ही घरगुती भाषा. तिला कधी देश नव्हता, म्हणून झेंडाही नव्हता. बोलणारे निम्मे दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. निदान एक चिन्ह तरी असावं, असं दामियानला मनापासून वाटत होतं.

“मोर चांगलाच आहे,” लेरर म्हणाले. “गाण्यांतला सोनेरी मोर. दूरदेशीचा निरोप घेऊन यायचा.”

“मग?”

“आता निरोप कुणाला...”

दामियाननं दुसरं चित्र काढलं. “हे आलेफ. आपलं पहिलं अक्षर.”

“तू त्याचा पाय उलटा काढायचास.”

“आता नाही काढत.”

“हो. दिसतंय.”

“अंगाईतली, पाळण्याखालची पांढरी बकरी? फिडल? लेरर, तुम्ही हो म्हणालात तर कुणी वाद घालणार नाही. परवा माझं विमान आहे.”

लेररनी डोळे मिटले. ते पुरते थकले होते. काही वर्षांपूर्वी कुणी यिद्दिशसाठी झेंडा रंगवून आणला होता, त्यालाही ते चांगला आहे म्हणाले होते.

“बकरी काढ,” ते म्हणाले. “फिडल काढ. आणि मला उठायला हात दे. बाशे वाट बघत असेल.”

बाशे आतल्या खोलीत खिडकीशी बसायची. जन्म पोलंडमधला. या शहरात तिनं कापडाचं दुकान चालवलं, गिऱ्हाइकांशी भांडली, नवरा पुरला, सगळं स्पॅनिशमध्ये. मग पक्षाघाताचा झटका आला आणि स्पॅनिश पुसली गेली. उरली ती आईकडून आलेली यिद्दिश. आश्रमात ती भाषा कुणालाच कळत नव्हती. म्हणून लेरर रोज दुपारी बसनं यायचे.

दाराशी ते थांबले. छातीवर हात ठेवून श्वास घेतला.

“सोमवारी मला इस्पितळात नेणार आहेत,” ते म्हणाले. “हृदय उघडायचंय म्हणतात.”

“आणि हिच्याकडे कोण...?”

लेरर आत गेले होते.

बाशेनं पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “जेवलास का रे?”

दामियान ताठ झाला. अस्खलित, ग्रंथांत शोभेल अशा यिद्दिशमध्ये म्हणाला, “आपल्या आस्थेबद्दल ऋणी आहे. माध्यान्हभोजन यथासांग पार पडले आहे.”

बाशे लेररकडे वळली. “हा कोर्टातून आलाय का? काय केलं मी?”

“माझा विद्यार्थी आहे.”

“कुणाचा तू?” तिनं दामियानला विचारलं.

त्यानं विद्यापीठाचं नाव सांगितलं. विभागाचं सांगितलं.

“ते नाही रे. कुणाचा?”

त्यानं लेररकडे पाहिलं. ते खुर्चीत टेकले होते, चेहरा पांढरा पडला होता.

बाशेनं चांगला हात पुढं करून फाईलमधून वरचा कागद ओढला. सोनेरी मोर. कागद डोळ्यांजवळ नेऊन तिनं बराच वेळ पाहिला.

“कोंबडी बारीक आहे,” ती म्हणाली. “हिचं सूप नाही व्हायचं.”

दामियानला एकदम हसू फुटलं. आवरेना. आणि हसता हसता तोंडून जे निघालं ते विद्यापीठातलं नव्हतं. बोबेचं, म्हणजे आजीचं होतं, गावठी, अर्धं चुकलेलं.

“बोबे पेर्ल तर गळ्याचंही सूप करायची!”

“गळ्याचं!” बाशे खुर्चीत सरसावली. “आणि असं म्हणतात का कुणी? मेल्या, तुझ्या आजीनं बोलायला नाही शिकवलं? म्हण परत. माझ्यामागून म्हण.”

त्यानं म्हटलं. चुकलं. बाशेनं त्याच्या मनगटावर चापट मारली. परत म्हटलं. मग पेर्ल कुठली, काय शिवायची, कुणाशी भांडायची, सगळं तिनं खोदून खोदून विचारलं. शब्द अडला की दामियान हात हलवायचा आणि बाशे तो शब्द काढून द्यायची. एकदा तिनं दिलेला शब्द त्याला ठाऊकच नव्हता. एवढ्या पदव्या घेऊनही कधी वाचनात आला नव्हता. तो खुर्ची आणखी जवळ ओढून बसला. विषय बकरीवर गेला. आमच्या घरची बकरी चोर होती, बाशे म्हणाली, शाब्बाथच्या पवित्र दिवसासाठीचा पाव खायची. सांगता सांगता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती थांबली नाही.

लेररची मान छातीवर कलली होती. कित्येक महिन्यांत त्या खोलीत त्यांना गप्प बसायला मिळालं नव्हतं.

परिचारिका बाशेला जेवायला न्यायला आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाशेनं दामियानचा गाल चिमटीत धरला आणि ती गेली.

खोलीत दोघंच उरले. दामियाननं कागद गोळा केले.

“लेरर...”

“हं.”

“मग चिन्ह कोणतं देऊ?”

लेररनी डोळे उघडले. पुन्हा मिटले.

“सोमवारी तिच्या चहात साखर घालू नकोस,” ते म्हणाले. “खडा वेगळा दे. ती तो दातांत धरते.”