धाकू ताऱ्याचं वल्हं

सकाळचे सात. ओहोटी. वारा नाही, समुद्र ताटासारखा सपाट. ठिकाण शिरवण बंदर. फार वर्षं झाली या गोष्टीला, पण तो सपाट समुद्र लक्षात ठेवा. पुढे त्याच्याबद्दलच खोटं बोललं गेलं.

या बंदरात धाकू तारी नावाचा नावाडी होता. तो वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, दांडा कानाला लावायचा आणि देवमासे काय बोलतात ते ऐकायचा. असं म्हणतात, की कोस कोस लांबचं त्याला ऐकू येई. शहरातले पाहुणे देवमासा बघायला त्याच्याच होडीतून जात.

त्या सकाळी पाच पाहुणे निघाले. तीन वल्हेकरी, आणि धाकू. धक्क्यावर ये-जा नोंदवणाऱ्या नाकेदाराने माणसं मोजली, नऊ.

खडपाजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकाजवळ, देवमाशीण दिसली, सोबत पिल्लू. धाकूने होडी थांबवली.

"सायबानू, आपण तेंच्या दारात इलो आसव. दारातसून बघूचा नि मागे फिराचा."

पाहुण्यांत एक बडा अंमलदार होता. तो हसला. "काय रे धाकू, मासा काय म्हणतो?"

"इचारता, ह्यो कोण बडबडता."

वल्हेकरी खाली बघून हसले. अंमलदाराला ते झोंबलं. त्याने हुकूम सोडला, होडी पुढे घ्या, पिल्लाच्या अगदी जवळ. हुकूम अंमलदाराचा, वल्हेकऱ्यांनी वल्ही मारली. होडी आई आणि पिल्लाच्या मधोमध शिरली. पिल्लू खडपाच्या खाचेत अडकलं.

धाकूने दांडा कानाला लावला. त्याचा चेहरा उतरला.

"पोर हाका मारता," तो म्हणाला. "आयशीन बोलणा बंद केल्यान."

मग होडीखालचं पाणी काळं झालं. होडी हळूच वर उचलली गेली, खाली कुणीतरी पाठ लावावी तशी. धाकू वल्हं घेऊन पाण्यात उतरला, पोहत खाचेत गेला आणि पिल्लाला वाट करून दिली. पिल्लू बाहेर आलं. धाकू आला नाही. असं म्हणतात, की त्यानंतर कुणी वल्हं मारलं नाही, तरी होडी थेट बंदराला लागली.

सरकारी कागदात लिहिलं गेलं, समुद्र खवळला, नावाड्याचा तोल गेला. अंमलदाराचं नाव त्यात नाही. पुढे त्याला बढती मिळाली.

आज शिरवणला इंजिनाच्या बोटी पर्यटकांना डॉल्फिन आणि देवमासे दाखवायला नेतात. प्रत्येक बोटीत एक लाकडी वल्हं असतंच. खडपाशी इंजिन बंद करतात, बोट चालवणारा तांडेल दांडा कानाला लावतो. पिल्लाची हाक आली आणि आईचं उत्तर आलं नाही, तर बोट तिथूनच फिरते, बोटीत कुणी का बसलेलं असेना. आणि मागची फळी रिकामी ठेवतात. तिथे बसू गेलात तर म्हातारे तांडेल एवढंच म्हणतात, "थंय माणूस आसा."

कारण त्या दिवशी परतलेल्या होडीतून उतरलेली माणसंही नाकेदाराने मोजली होती. दोनदा, आणि दोन्ही वेळा नऊ. पाच पाहुणे उतरले, तीन वल्हेकरी उतरले. सगळे कोरडे. त्यांच्यामागून मागच्या फळीवरून आणखी एकजण उतरला, निथळत. तो धाकू नव्हता. धाकूला नाकेदार लहानपणापासून ओळखत होता. ओली पावलं धक्क्याच्या पायऱ्या चढून गावात गेली.

ती परत आलेली कुणीही पाहिलेली नाहीत, म्हणून मागची फळी अजून त्याचीच.